अर्धी भरलेली बाटली

विजापूर वेशीच्या आत, सायकलच्या दुकानाला लागून
रज्जाक शिकलगारांचं दुकान.
पाटीवर 'बंदूक दुरुस्ती', खाली बारीक अक्षरांत
'कात्र्यांना धार लावून मिळेल',
आणि पोट चालतं ते त्या बारीक अक्षरांवर.

मी तिथं आठ महिने.
यमुल जॉबरची मुलगी, आटे ओळखते, म्हणून ठेवलेली.

एप्रिलात बँकेचे गार्ड माळगे आले.
खांद्यावर बारा बोअर, शर्टावर वाळलेल्या मिठाचे नकाशे.
"चापाच्या कडीचा स्क्रू राहत नाही.
काल तिजोरीपाशी टिक्‌कन पडला,
कॅशियरबाई खुर्चीवर चढल्या.
ते लाल घाला. परत सुटायलाच नको."

चाचांनी आधी बंदूक मोडून नळ्यांतून पाहिलं.
दोन गोल रस्ते. एकात रिक्षा, एकात नुसतं ऊन.
मग म्हणाले, "लाल नको, सुभेदार.
लाल सोडवायला आग दाखवावी लागती.
आगीनं पोलादाचं पाणी उडतंय, लाकूड करपतंय.
उद्या हे कुणीतरी उघडणार.
मी असंन नसंन. त्याच्या हातात
साधा पेचकस असंल."

निळी बाटली मीच काढली.
तिच्याशेजारी जांभळी होती, चष्म्याएवढ्या स्क्रूंसाठी,
आणि एक हिरवी, जिचं काम मला अजून कळलेलं नाही.
आटे पेट्रोलनं धुतले, फुंकले, पुन्हा धुतले.
तेलाचा वास राहिला तर चाचा परत पाठवतात.
एक थेंब. दुसरा नको.

"चाचा, नवी बाटलीसुद्धा अर्धीच का भरतात?"
"हवा लागती त्याला, पातळ राहायला.
लोखंडात लोखंड बसलं, हवा तुटली,
की जागच्या जागी घट्ट."

शेड बंद झाल्यावर वडील
दाराआड खाटेवर बसून असत.
कुणी काही विचारलं तर भिंतीकडं बघत.
आम्ही म्हणायचो, उन्हाचा त्रास आहे.

त्यांच्या वेळी ह्या बाटल्या नव्हत्या.
अकरा नंबरचा माग चादर विणताना असा हादरायचा
की पिकिंगचा बोल्ट पाळीत दोनदा सुटे.
एके सकाळी वडील आईचं नखपॉलिश घेऊन गेले,
मावशीच्या लग्नाला घेतलेलं, लाल, एकदाच लावलेलं.
म्हणाले, विड्या वळणाऱ्या बोटांना रंग कशाला?
आई दोन दिवस बोलली नाही.
बोल्ट नऊ वर्षं बोलला नाही.

माग किलोवर गेले तेव्हा
भंगारवाल्याच्या पान्यानं तो पहिल्या झटक्यात निघाला.
डोक्यावर लाल टिकली तशीच.
वडिलांनी तो उचलून खिशात टाकला,
पैसे मोजायला मला सांगितलं.

"झालं?" माळग्यांनी विचारलं.
"उद्या. चोवीस तास हात लावायचा नाही."
"मग आज बँकेत काय घेऊन उभा राहू?"
चाचांनी वहीत नंबर लिहिला, सही घेतली,
मान वर न करता म्हणाले, "मिशा हायत की."

त्या संध्याकाळी येताना मी नव्या पेठेतून
पस्तीस रुपयांची बाटली आणली.
आईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं,
तंबाखू झटकली, झाकण हुंगलं,
आणि डाव्या करंगळीचं एकच नख रंगवलं.
वाळेपर्यंत पंख्याखाली हात धरून बसली.

मग बाटली घट्ट लावून
त्या बोल्टच्या डब्यात ठेवली.
"राहू दे बाकीचं," तेलुगूत म्हणाली,
"कुठं काही सुटलं तर लागेल."